बाळंतिणीच्या खोलीतली हवा

आमच्या जावयांची एक ठाम समजूत आहे. जगातल्या कुठल्याही अडचणीवर एखादं यंत्र असतंच आणि फोनवर मागवलं की ते घरपोच येतं. ते पुण्यात राहतात, त्यामुळे त्यांचं चालून जातं. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला तलवाड्याला माहेरी आली, तेव्हा आमच्या घरासमोरचा रस्ता रुंद करायला उकरून ठेवलेला होता. खडीचे ढीग, मुरुमाच्या गाड्या, दिवसभर फुफाटा. अंगणात वाळत घातलेली दुपटी संध्याकाळपर्यंत पिवळी पडतात, असं मुलीनं एकदा सहज त्यांना सांगितलं. झालं. त्याच आठवड्यात कुरियरवाला आमचं घर विचारत आला आणि एक खोकं ठेवून गेला. आत तळहाताएवढं पांढरं यंत्र, हवेतली धूळ मोजायचं. पाठोपाठ फोन आला, की बाळाच्या खोलीच्या खिडक्या अजिबात उघडायच्या नाहीत.

मी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. मला कुणी काही शिकवायला आलं की माझ्या कपाळाला आठी पडते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. यंत्रालाही तीच वागणूक मिळाली. धूळ आहे हे कळायला यंत्र कशाला, ओट्यावरून बोट फिरवलं की कळतं, असं मी जावयांना सुनावलंही. पण सोबतचं माहितीपत्रक वाचलं आणि माझं मत बदललं. ओट्यावर बसते ती धूळ हे यंत्र धरतच नव्हतं. ती जाड असते, नाकात, घशात अडकते, शिंकलं-खाकरलं की बाहेर पडते. यंत्र मोजत होतं ते कण डोळ्यांना दिसतच नाहीत. आपला केससुद्धा त्यांच्यापुढे दोरखंड. ते कुठे न अडकता थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथून रक्तात. फुप्फुसाची आकृती मी फळ्यावर इतक्यांदा काढली आहे की डोळे मिटूनही काढीन. पण त्या आकृतीत रोज काय काय जातं हे मोजायचं साधन पहिल्यांदाच हातात आलं होतं, आणि मी अगदी हरखून गेले.

मग मी ते यंत्र पर्समध्ये घालून सगळीकडे नेलं. गच्चीवर, गोठ्यात, शाळेत, बाजारात. रस्त्यावरून गाडी गेली की आकडा चढे, पण मला वाटलं होतं तेवढा नाही. टँकरनं पाणी मारलं की लगेच उतरे. खरा चढे तो सकाळी. थंडीचे दिवस होते. कापूस वेचून झालेला, पऱ्हाट्या उपटून सरपणाला घरोघरी रचलेल्या. उजाडायच्या आत अंघोळीच्या पाण्याच्या चुली पेटत, आणि पेटवायला बियाण्याची रिकामी पाकिटं, फाटकी चप्पल, जे हाताला लागेल ते. गार हवा जड असते. धूर वर जातच नाही, गल्लीतच लोळत राहतो. ऊन तापलं की तोच आकडा कुणी काही न करता खाली येई. हे पाहिल्यावर शाळेतली सकाळची कवायत मी मुख्याध्यापकांशी भांडून उन्हं वर आल्यावर घ्यायला लावली. अजूनही ती तेव्हाच होते.

गल्लीत मात्र यंत्राचा भलताच अर्थ लावला गेला. आमच्याकडे घरटी एखादी म्हैस. दूध डेअरीवर जातं, तिथे यंत्रावर फॅट लागते, आणि ज्याची फॅट जास्त त्याची मान ताठ. आकडा दाखवणारं यंत्र म्हणजे मोठा आकडा चांगला, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. शेजारी एक बागायतदार राहतात. गावातलं एकही पद त्यांनी आजवर सोडलेलं नाही. ते एका सकाळी येऊन म्हणाले, आमच्या घरचं पण बघा. मी गेले. त्यांच्या अंगणात पाण्याची चूल भडकलेली होती. आकडा आमच्या दुप्पट आला. मी तोंड उघडायच्या आत ते समाधानानं मिशीवर हात फिरवून बाहेर पडले, आणि चहाच्या हॉटेलात त्यांनी सगळ्यांना ऐकवलं की मास्तरीणबाईच्या घरापेक्षा आमच्याकडं डबल लागली. मग दोन-तीन दिवस मला हीच कामगिरी. ज्याच्याकडे कमी येई तो हिरमुसे आणि यंत्र पुन्हा एकदा लावून बघा म्हणे. समोरच्या गॅरेजवाल्या खानभाईंनी तेवढं विचारलं की बाई, हे जास्त चांगलं का कमी. त्यांच्या अब्बांना दम्याचा त्रास होता. कमी चांगलं, असं सांगितल्यावर त्यांनी त्याच दिवशी रंग मारायचा पंप शेडातून मागच्या मोकळ्या जागेत नेला. बाकीच्यांना मी समजावलं, पण पंचायतीत बसणाऱ्या माणसानं जाहीर केलेली गोष्ट एवढ्यानं मागे घेतली जात नाही. मी घरी येऊन पोट धरून हसले. तेव्हा आतल्या खोलीत माझ्या सासूबाई बाळाजवळ बसून ऐकत होत्या. माझं हसू त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. बागायतदारांचा आकडा पोचला.

सासूबाई ऐंशीच्या पुढे. अंगानं चिपाड, पण हाताला पकड अशी की अजून गोणीचं तोंड आवळून बांधतात. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी जन्मल्यावर पहिली धुरी त्यांच्या हातची घेतलेली. बाळंतिणीची खोली म्हणजे त्यांचं राज्य. बाळाला तेल लावून अंघोळ झाली की शेगडीत निखारे घ्यायचे, त्यावर ओवा, बाळंतशोपा, लसणाच्या साली टाकायच्या, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि त्या धुरावर बाळाला धरायचं. मग तीच शेगडी बाळंतिणीच्या बाजेखाली. माझ्याही दोन्ही बाळंतपणांत त्यांनी हे केलं, आणि खरं सांगायचं तर पाठीला तो शेक फार गोड लागे. मी तेव्हा शहाणी होते, पण इतकी नव्हते.

या खेपेला गोष्ट निराळी होती. मुलीचं बाळ दिवस भरायच्या आधी झालं. मुलगी झाली, वजन एखाद्या कबुतराएवढं. बीडच्या दवाखान्यात ती काही दिवस काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, हिची फुप्फुसं अजून कोवळी आहेत, हिला ऊब द्या आणि धुरापासून, गर्दीपासून जपा. आम्ही दोघींनी ते एकाच बाकावर बसून ऐकलं. सासूबाईंनी त्यातली ऊब तेवढी धरली. मी धूर धरला. घरी आल्यावर मी स्पष्ट सांगितलं की या घरात यंदा धुरी नाही आणि शेगडी नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मी त्याला होकार समजले.

मी शाळेत गेले की शेगडी पेटत होती, हे मला एका दुपारी कळलं. शाळा लवकर सुटली होती. ओसरीवर पाय ठेवला आणि ओव्याचा, जळक्या लसणाचा वास आला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. उघडलं तर आत गल्लीतल्या चार-पाच बायका, बाजेवर माझी मुलगी, बाजेखाली शेगडी, खिडकी बंद. सासूबाईंच्या मांडीवर कुंची घातलेलं बाळ. समोर पाटावर माझं यंत्र. ते मुलीनं आजीच्या हट्टापायी लावून दिलं होतं. मी दिसताच सासूबाईंचा चेहरा जसा उजळला, तसा मी माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता.

"बघ," त्या म्हणाल्या, "बागायतदाराच्या तिप्पट लागली."

बायका कौतुकानं माना डोलावत होत्या. मी पाटावर बघितलं. त्या यंत्रात एवढा मोठा आकडा असतो हेही मला माहीत नव्हतं. बाहेर रस्त्यावर मुरुमाच्या गाड्या धावत होत्या, जावई पुण्यात बसून त्या धुळीची काळजी करत होते, आणि गावातली सगळ्यात वाईट हवा माझ्या घरात, बंद खिडकीआड, महिन्याच्याही आतल्या लेकराच्या नाकापुढे होती. खिडकी बंद ठेवायला जावयांनी सांगितलं होतं धुळीसाठी, आणि सासूबाईंनी ठेवली होती वारं लागू नये म्हणून. दोघांचं या एका बाबतीत बरं जमलं होतं.

मी खिडकी उघडली. फडक्यानं धरून शेगडी बाहेर नेली आणि अंगणात पाणी ओतून विझवली. बायका पदर सावरत उठल्या. मी त्यांना बसवलं. म्हटलं, उठू नका, आता हा आकडा बघत बसा. उघड्या खिडकीतून वारा यायला लागला तसा आकडा उतरायला लागला. मी प्रत्येकीला तो वाचायला लावला. मोठा आकडा वाईट, हे मी सातवीच्या वर्गात सांगते तसं दोनदा सांगितलं. लहान लेकरू आपल्यापेक्षा भरभर श्वास घेतं, म्हणजे एवढ्याशा छातीत आपल्यापेक्षा जास्त धूर जातो, हेही सांगितलं. बायका एकमेकींकडे बघत निघून गेल्या. सासूबाई बसून राहिल्या. त्यांचा चेहरा पार उतरला होता. मग त्यांनी मान वर केली.

"माझ्या हातची धुरी घेतलेली लेकरं आज टॅक्टर चालिवत्यात. त्यांना काय झालं?"

"जी जगली ती टॅक्टर चालवतात, आत्याबाई," मी म्हणाले. "जी गेली त्यांना कोण विचारणार?"

वाक्य खरं होतं. पण एरवी माझ्या एकाला दोन सुनावणारी ही बाई. बाळाला मुलीच्या कुशीत ठेवून त्या उठल्या आणि भिंतीला धरत बाहेर गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. आमच्या ह्यांनी आईला समजवायचा प्रयत्न केला, तर त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं मान दुखावला आहे, येतील ताळ्यावर.

मुलीशी मी बोलले. तिचं डोकं सारखं दुखत असे, उठली की भोवळ येई. बाळंतपणाचा अशक्तपणा, असं सगळे म्हणत. शेगडी कधीपासून चालू आहे विचारलं तेव्हा तिनं खाली मान घातली. म्हणाली, आई, तू नसतेस तेव्हा आजीच दिवसभर माझं बघते, तिला नाही कसं म्हणू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं हाक मारली तेव्हा तिचा आवाजच वेगळा होता. बाळ दूध ओढत नव्हतं. श्वास भरभर चालला होता, आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. त्याला आमच्याकडे पोट उडणं म्हणतात, आणि ते काय असतं हे प्रत्येक बाईला माहीत आहे. सासूबाई दारात आल्या. त्यांनी बाळाकडे पाहिलं, मग उघड्या खिडकीकडे. वारं लागलं, एवढंच म्हणाल्या. पण ते असं म्हणाल्या की घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलगीही.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. वेळ नव्हता. बाळाला मुलीच्या उघड्या छातीशी धरून वरून शाल गुंडाळली, ह्यांनी जीप काढली, आणि गेवराईवरून आम्ही बीड गाठलं. वाटेत मी त्या इवल्या पोटाकडे बघत होते. मला भीती वाटत होती. ती लपवण्यात अर्थ नाही. पण मनातून मी एक गोष्ट धरून ठेवली होती. आकडा मी डोळ्यांनी पाहिला होता. सगळ्यांनी पाहिला होता. खिडकीनं तो उतरवला होता, चढवला नव्हता.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी बाळाची छाती ऐकली, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली आणि पहिला प्रश्न केला तो हाच, की घरात धूर असतो का. मी सगळं सांगितलं. धुरी, शेगडी, बंद खोली, आणि यंत्राचा आकडासुद्धा. मग मुलीचं डोकं दुखण्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी मान वर केली. म्हणाले, निखाऱ्यांचा धूर दिसत नसला तरी बंद खोलीत त्यातून एक वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि तुमचं हे यंत्र तो मोजत नाही. नुसते निखारे आहेत म्हणून निर्धास्त झोपलेली माणसं त्यानं उठत नाहीत. तो वायू मला पुस्तकातून माहीत होता. मुलांना मी त्याचं रेणुसूत्र शिकवलं आहे. पण ते सूत्र माझ्या मुलीच्या बाजेखाली रोज पेटत होतं.

मग मी तो प्रश्न विचारला, ह्यांच्या आणि मुलीच्या देखत. काल मी खिडकी उघडली, त्यानं हे झालं का. डॉक्टरांनी सरळ उत्तर दिलं. बाळाला गारठू देऊ नका, पण मोकळी हवा म्हणजे गारठा नव्हे. हिच्या श्वासनळ्या कित्येक दिवसांच्या धुरानं सुजल्या आहेत, एका दिवसात हे होत नाही. खिडकी उघडलीत ते बरं केलंत. आणि ऊब द्यायची तर माणसाच्या अंगाची द्या. उघड्या छातीवर बाळ ठेवायचं, वरून पांघरायचं. आईनं, बापानं, आजीनं, कुणीही. मुलीनं माझा हात धरला. ह्यांनी मोठ्यानं श्वास सोडला. आम्ही काही दिवस दवाखान्यात राहिलो. हळूहळू बरगड्यांखालचा खळगा भरला, बाळ दूध ओढायला लागलं आणि एकदा तर इतकं जोरात रडलं की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. ते रडणं ऐकून मला हसूही आलं आणि डोळेही भरले.

घरी परतलो तर बाळंतिणीची खोली धुऊन-पुसून लख्ख. आम्ही नसताना सासूबाईंनी भिंतीवरची काजळीसुद्धा ओल्या फडक्यानं पुसून काढली होती. जेवण मात्र नावापुरतं करत होत्या, असं शेजारणीनं सांगितलं. खिडकी उघडी होती. आम्ही आत आल्यावर त्यांनी बाळाला दुरूनच पाहिलं. जवळ आल्या नाहीत.

"शेगडी न्हाई तर ऊब कशानं देनार?" त्यांनी विचारलं. भांडायला नाही, खरंच विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. मग म्हटलं, तुम्हीच घ्या. त्या कचरल्या. मी पाणी दिलं, त्यांनी हात धुतले, स्वच्छ लुगडं नेसल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मी त्यांच्या चोळीची गाठ सोडली, बाळाला त्यांच्या छातीवर ठेवलं आणि वरून शाल पांघरली. बाळानं थोडी चुळबुळ केली, मग गाल टेकून निजलं. सासूबाई हलेनात. यंत्र कोनाड्यात होतं, त्यावरचा आकडा गच्चीवरच्यासारखाच. किती लागली, त्यांनी डोळ्यांनीच विचारलं. मी सांगितलं. कमी हाय म्हणजे चांगलं, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मुलगी झोपली होती.

मग त्या बोलल्या. आमच्या ह्यांच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांनाही माहीत नव्हतं. त्यांची सासू कडक. थंडीचेच दिवस. लेक खोकायला लागली, तशी सासूनं धुरी वाढवायला लावली, सकाळी एकदा होती ती तिन्हीसांजेलाही. सासूबाई स्वतः निखारे भरत होत्या. लेकीचं पोट असंच उडत होतं. महिनाही पुरला नाही. तिचं नावही ठेवलेलं नव्हतं. हे सगळं त्या बाळाच्या टोपड्याकडे बघत, एकाच सुरात सांगत होत्या. सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू शिकलेली हाईस. सांग मला. ती धुरीनं गेली का?"

वर्गात मला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर येतं, आणि येत नसलं तरी दुसऱ्या दिवशी शोधून आणते. इथे मी काय शोधणार होते? नाही म्हणणं सोपं होतं. ऐंशी वर्षांच्या बाईला नाही म्हणायला कुणाची काय हरकत होती. पण त्यांनी मला विचारलं होतं ते मी खरं सांगते म्हणून.

"ठाऊक नाही, आत्याबाई," मी म्हणाले. "धुरानं असेल, नसेलही. तेव्हा कुणी तपासलं नाही. आता कुणालाच सांगता यायचं नाही."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून मी माझ्या पदरानं पुसलं. तू खोटं बोलली असतीस तर मला कळलं असतं, एवढं त्या म्हणाल्या. मग बाळ हललं म्हणून त्यांनी त्याची पाठ थोपटली. त्यानंतर बाळाला ऊब द्यायचं काम त्यांनी कुणाला दिलंच नाही. मुलगी दूध पाजायला मागून घ्यायची आणि परत द्यायची. मुलीची डोकेदुखी थांबली. सासूबाईंची पहाटेची खोकल्याची ढास इतक्या वर्षांची, ती आम्ही त्यांच्या वयाच्या खात्यावर टाकली होती. घरातली चूल बाहेर नेल्यावर तीही पुष्कळ कमी झाली. पाणी तापवायला मी विजेची कॉइल आणली. ह्यांनी पऱ्हाट्या जाळायचं बंद करून त्या बारीक करून शेतात कुजवायला घातल्या. जावयांना मी फोन करून सांगितलं की यंत्र उत्तम आहे, खिडकीबद्दलचं तुमचं मत तेवढं चुकलं. ते हसले नाहीत. म्हणाले, आई, मी रोज आठवण करून देत होतो खिडकी लावायची.

थंडी सरत आली तेव्हा मागच्या गल्लीतल्या एका घरून निरोप आला. त्यांची लेक बाळंत होऊन आली होती, धुरी द्यायला आजीबाईंना पाठवा. आमच्या धुरीची कथा सगळीकडे झाली होती, पण तिकडे लोकांनी त्यातला बागायतदाराच्या तिप्पट एवढाच भाग ऐकला असावा. सासूबाईंनी काठी घेतली. मी मागोमाग निघाले, पर्समध्ये यंत्र घेऊन. म्हटलं, त्या अडल्या तर मी आकडा दाखवीन.

खोलीत सगळी तयारी होती. निखारे फुललेले, ताटात ओवा, शोपा, साली. खिडकीला गोणपाट ठोकलेलं. सासूबाई बाजेजवळ बसल्या. मी पर्सला हात घातला, तर त्यांनी नुसता तळहात वर केला आणि मला थांबवलं. मग घरच्या बाईला म्हणाल्या, शेगडी बाहेर ने, गोणपाट काढ, लेकरू माझ्या छातीशी दे. तुमीच तर आमच्या सगळ्यांच्या घरी धुरी दिली, मग आता कावून न्हाई, असं तिनं विचारलं. दारात शेजारच्या बायका जमल्या होत्या. सासूबाईंनी त्यांच्याकडेही पाहिलं.

"माझी पयली लेक मी धुरी देत असताना गेली," त्या म्हणाल्या. "धुरीनं गेली का कशानं, मला ठावं न्हाई. साठ वर्सं झाली, मी इचारतीय. तुला बी माझ्यावानी इचारत बसायचंय का?"

बाजेवरच्या पोरीनं आपलं बाळ जवळ ओढून घेतलं. मग घरची बाई उठली, पदर खोचला, शेगडीचे दोन्ही कान धरले आणि निखाऱ्यांसकट ती अंगणात नेऊन ठेवली.